पांढरीचा कर : महाराष्ट्राच्या खेड्यातील घरपट्टीची वाटचाल

मराठी गावाची जमीन पूर्वापार दोन नावांनी ओळखली जाते. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. ही नावे मातीच्या रंगावरून पडली आहेत. घरांच्या भिंती आणि धाबी पांढऱ्या मातीची असत. भिंत ढासळली की तिची माती तिथेच पसरे आणि त्याच जागेवर नवी भिंत उभी राही. चुलीची राख, गुरांचे शेण, सारवणाचे थर पिढ्यानपिढ्या तिच्यात मिसळत गेले आणि वस्तीची जमीन करडी, पांढुरकी झाली. उठून गेलेल्या गावाच्या जागी राहिलेल्या उंचवट्याला पुरातत्त्वाचे अभ्यासक आजही ‘पांढरीचे टेकाड’ म्हणतात. राज्य कोणाचेही असो, त्याची तिजोरी काळीवर भरत असे. पांढरीवरचा कर म्हणजे घरपट्टी. ती नेहमीच धाकटी राहिली, आणि तिच्याकडे पाहणाऱ्यांनीही तिला धाकटीच मानले. पण ही पट्टी नेमकी कशावर बसते, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दोनअडीचशे वर्षांत निदान चार वेळा बदलले आहे.

पेशवाईच्या जमाखर्चात ऐन जमा आणि सिवाय जमा असे दोन मोठे भाग होते. ऐन जमा म्हणजे शेतसारा. बाकीच्या किरकोळ बाबी सिवाय जमेत पडत. तिथे पट्ट्यांची रांगच होती. लग्नावर पट्टी, पाट लावला तर पट्टी, म्हशीवर पट्टी, सरकारला कर्ज झाले तर तेवढ्यापुरती कर्जपट्टी. याच रांगेत घरपट्टी होती. मुळात ‘पट्टी’ हा शब्दच नेहमीच्या साऱ्याव्यतिरिक्त वाटून घेतलेल्या वर्गणीसारख्या आकारणीसाठी वापरला जाई, आणि आजही गावात उत्सवासाठी ‘पट्टी काढतात’ तेव्हा तोच जुना अर्थ जिवंत असतो. या घरपट्टीतून ब्राह्मण आणि गावकामगार सुटत. म्हणजे घर केवढे आहे, कशाचे आहे, याआधी ते कोणाचे आहे हे पाहिले जाई. घरे मोजायची ती उंबऱ्यांनी. ‘दोनशे उंबऱ्यांचे गाव’ हा शब्दप्रयोग अजून गेलेला नाही. उंबरा म्हणजे एक चूल, एक कुटुंब, आणि वसुलीचे एक नाव.

घरपट्टीच्या शेजारी मोहतर्फा होता. तो दुकानदार, कारागीर, उदमी यांच्यावरचा कर. सोनाराची भट्टी, कोष्ट्याचा माग, तेल्याचा घाणा त्याच्या हिशेबात येत. विदर्भात नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात यालाच सरळ ‘पांढरी’ हे नाव होते. जो काळी कसतो तो साऱ्याच्या रूपाने देतोच, तेव्हा जो कसत नाही, केवळ पांढरीत राहून धंदा करतो, त्याने पांढरी भरावी, असा तो साधा हिशेब. इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केल्यावरही हा कर सोडला नाही. मध्य प्रांतात त्याच्या वसुलीसाठी १८६७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि इंग्रजी कायद्याच्या पुस्तकात ‘पांढरी’ हा अस्सल वऱ्हाडी-नागपुरी शब्द जसाच्या तसा जाऊन बसला.

मुंबई इलाख्यात मात्र उलट घडले. १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्याने इलाख्यातील शहरजकाती, मोहतर्फा, बलुत्यांवरचे कर आणि धंद्यांवरचे नाना नावांचे सगळे उपकर त्या वर्षाच्या १ ऑक्टोबरपासून बंद झाले. जुन्या राजवटीच्या पट्ट्या अशा एका फटक्यात पुसल्या गेल्या. यात उदारपणा होता तसा हिशेबही होता. या किरकोळ पट्ट्या गोळा करायला जेवढी डोकेफोड, त्या मानाने हाती येणारे थोडे. शिवाय घरावर कर बसवणे कसे अंगाशी येते, याचा धडा कंपनी सरकारला बनारसमध्ये आधीच मिळाला होता. तिथे १८१० साली घरपट्टी जाहीर झाल्यावर कामधंदा बंद ठेवून लोक हजारोंच्या संख्येने गावाबाहेर धरणे धरून बसले आणि शेवटी सरकारला ती मागे घ्यावी लागली.

याच काळात काळीची मोजणी चालली होती. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केलेल्या पद्धतीने इलाख्यातील शेत न् शेत साखळीने मोजले गेले, त्याला सर्व्हे नंबर मिळाला, मातीची प्रत ठरली, आकार ठरला. पांढरीच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. नकाशावर गावठाण म्हणून एक मोकळा ठिपका राहिला. आतली घरे, बोळ, परसू, कोणाची भिंत कुठे संपते, हे काहीही सरकारने मोजले नाही, कारण गावठाणातल्या घराखालच्या जागेला शेतसारा नव्हता. जिथे कर नाही तिथे मोजणी नाही. या एका गोष्टीचे परिणाम पुढे पावणेदोनशे वर्षे खेड्यांनी भोगले. शेताचा सातबारा हाती असलेल्या माणसाकडे राहत्या घराचा म्हणून एकही सरकारी नकाशा नव्हता. घर विकायचे झाले तर खरेदीखतात ‘दोन खणांचे धाब्याचे घर, पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस बोळ, उत्तरेस देऊळ’ असे चतुःसीमेचे वर्णन लिहीत. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर. ते घराघरात वेगळे असे.

शहरांची गोष्ट निराळी. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने गावकऱ्यांनी मागणी केली तर नगरपालिका आणि तिच्याबरोबर घरपट्टी येऊ लागली. ग्रामीण भागात स्थानिक कारभाराचा खर्च पुन्हा काळीवरच टाकला गेला. १८६९ च्या लोकल फंड कायद्याने शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा उपकर बसवला. त्यातून रस्ते, विहिरी, धर्मशाळा आणि प्राथमिक शाळा चालत. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ मध्ये जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे झाली, तीही याच उपकरावर. म्हणजे गावातला वाणी, सावकार, सोनार यांच्या मुलांची शाळा कुणब्याच्या साऱ्यातून चालत होती. ही विषमता त्या काळातल्या जाणत्यांच्या लक्षात आली नव्हती असे नाही, पण खेड्यात घरावर कर बसवायला कोणी हात घालीना. १८८९ च्या ग्राम आरोग्य कायद्याने गावच्या सफाईसाठी समित्या नेमण्याची सोय केली. सफाई कोणाच्या पैशाने, हा पेच तिथून पुढे सुटला नाही.

तो सोडवण्याचा पहिला खरा प्रयत्न १९२० चा. त्या वर्षी मुंबई इलाख्यात आणि मध्य प्रांतात ग्रामपंचायतींचे स्वतंत्र कायदे झाले. पंचायतीने गावची झाडलोट, दिवाबत्ती, पाणवठे सांभाळावेत आणि त्यासाठी गावातच घरांवर पट्टी बसवावी, ही कल्पना. कागदावर ती रास्त होती. पण आतापर्यंत कर मागायला येणारा तलाठी-कुलकर्णी सरकारचा माणूस असे. आता कर ठरवणारा आणि मागणारा शेजारीच होता. भाऊबंदकी, गटबाजी, सोयरीक या सगळ्यांतून वाट काढत घराघरावर आकडा लिहायचा होता. पंचायती फार पसरल्या नाहीत, यात नवल नाही. ‘पंचायत आली की पट्टी आली’ ही धास्ती मोठी होती. १९३३ मध्ये मुंबईने नवा कायदा केला, १९४६ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडाने. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्याची कायद्याची वाट वेगळीच होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हे तिन्ही तुकडे द्विभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले, तेव्हा एकाच राज्यातल्या खेड्यांमध्ये तीन प्रकारच्या घरपट्ट्या चालू होत्या. त्यांना एका छपराखाली आणले ते मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ ने. हा कायदा १ जून १९५९ पासून लागू झाला आणि नावापुरता बदल होऊन ‘महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम’ म्हणून आजही चालू आहे. त्याचे कलम १२४ म्हणजे घरपट्टीचे मूळ. त्यात इमारतींवर, आणि शेतसारा नसलेल्या जमिनींवर, कर बसवण्याचे काम पंचायतीकडे दिले आहे. त्याच कलमाच्या यादीत यात्राकर आहे, सायकलींवरचा आणि जनावरांनी ओढायच्या गाड्यांवरचा कर आहे, आरोग्य कर, दिवाबत्ती कर, पाणीपट्टी आहे. सायकल-बैलगाडीचा कर काळाने खाल्ला. घरपट्टी टिकली. १९६० मध्ये कर व फी यांचे नियम आले आणि त्यांतच पुढचा सारा तपशील बसवला गेला.

दर ठरवण्याची या नियमांतली रीत लक्षात घेण्यासारखी आहे. राज्य सरकार किमान आणि कमाल दर ठरवून देते, आणि त्या दोन खुंट्यांच्या मध्ये कुठे दोरी बांधायची ते पंचायत ठरवते. आकारणीची यादी दर चार वर्षांनी नव्याने करायची, ती चावडीवर किंवा पंचायतीच्या फळ्यावर लावायची, हरकती मागवायच्या, ऐकायच्या आणि मग कायम करायची. निकाल पटला नाही तर पंचायत समितीकडे अपील. पंचायतीचे उत्पन्न फारच तोकडे पडत असेल तर कर वाढवायला लावण्याचा अधिकार वरच्या संस्थेला आहे. पण प्रत्यक्षात दोरी बहुतेक ठिकाणी किमान दराच्या खुंटीलाच बांधलेली दिसते. त्यामागचे कारण उघड आहे. ज्यांच्यावर कर बसवायचा तेच मतदार, आणि वॉर्ड एवढा लहान की दहा घरे रुसली तर निवडणूक हातची जाते.

घराचे मोल कसे ठरवायचे, हा खरा गुंता होता. सुरुवातीच्या नियमांत भांडवली मूल्य किंवा वार्षिक भाडेमूल्य हे आधार होते. शहरात भाडेमूल्याला अर्थ असतो, कारण तिथे घरे भाड्याने जातात. खेड्यात भाडेकरू असला तर शाळेचा मास्तर, नर्सबाई किंवा बँकेचा शिपाई. बाकी सारे गाव आपापल्या घरात. ज्या घराला कधी भाडे आले नाही त्याचे भाडेमूल्य काढायचे म्हणजे अंदाजाने आकडा लिहिणेच. मग तो आकडा ग्रामसेवक आणि पंच यांनी गल्लीतून फिरताना डोळ्यांनी ठरवायचा. घर गवताचे आहे की कौलाचे, मंगलोरी कौले आहेत की नळीची, भिंत कुडाची की दगडाची, पुढे ओटा आहे की नाही, माडी आहे का, एवढे पाहिले की हिशेब संपे. कायदा मूल्य म्हणत होता आणि आकारणी भिंतीवर होत होती, असे म्हटले तरी चालेल.

त्यामुळे गावात एक नमुनेदार हुशारी रूढ झाली. आकारणीचे वर्ष आले की नव्या घराचे प्लॅस्टर लांबणीवर पडे. विटा उघड्या असल्या की घर ‘अपुरे’ दिसते, आणि अपुऱ्या घराला पट्टी कमी, हा समज. मागच्या बाजूला काढलेली पडवी ‘गोठा’ म्हणून सांगितली जाई. उलट बाजूही होती. विरोधी पार्टीच्या माणसाच्या गोठ्यात अचानक राहती खोली दिसू लागे.

३ डिसेंबर १९९९ रोजी नियमांत मोठी दुरुस्ती झाली. मूल्याचा अंदाज बाजूला ठेवून चौरस फुटावर कर आला. घराच्या प्रकाराप्रमाणे, म्हणजे झोपडी, मातीचे, दगड-विटांचे, सिमेंटचे अशा वर्गवारीने, दर फुटामागे किमान आणि कमाल आकडे ठरले. नजरेच्या जागी टेप आली. ग्रामसेवकाने एक टोक दाराशी धरायचे, शिपायाने दुसरे टोक परसदाराशी न्यायचे, आणि आकडा वहीत. पारदर्शकतेच्या दृष्टीने ही सुधारणाच होती. दोन भावांच्या सारख्या घरांना सारखी पट्टी आली की निम्मी भांडणे मिटतात. पण फूट सगळीकडे सारखाच असतो, जागेची किंमत नसते. पुण्याच्या वेशीवरच्या, बंगले आणि सोसायट्या उभ्या राहत असलेल्या गावात आणि गडचिरोलीच्या आतल्या गावात पक्क्या घराच्या एका फुटाला सारख्याच दराची चौकट लागू होती. तीस वर्षांचे जुने घर आणि गेल्या वर्षीचे नवे घर यांतही फरक नव्हता. या पद्धतीला आव्हान दिले गेले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्यानंतर ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने शासनाने पुन्हा भांडवली मूल्याचा रस्ता धरला. या वेळी अंदाज नव्हता, सूत्र होते.

या सूत्राने चालणारा हिशेब असा. घराच्या क्षेत्रफळाला जमिनीच्या वार्षिक मूल्यदराने, म्हणजे मुद्रांक विभागाच्या रेडी रेकनरमधल्या दराने, गुणायचे. मग त्याच क्षेत्रफळाला बांधकामाच्या दराने आणि घराच्या वयानुसार येणाऱ्या घसाऱ्याने गुणायचे. दोन्हींची बेरीज करून तिला वापराचा भारांक लावायचा. राहण्याच्या घराला तो १ आहे, दुकान-कारखान्याला त्याहून जास्त. येणारी रक्कम म्हणजे भांडवली मूल्य. दर मात्र शेकडा नाही, हजारी आहे, आणि तोही पैशांत. झोपडी किंवा मातीच्या घराला हजार रुपये मूल्यामागे किमान ३० आणि कमाल ७५ पैसे, दगड-विटांच्या पण मातीत बांधलेल्या घराला ६० ते १२० पैसे, चुना किंवा सिमेंटात बांधलेल्या पक्क्या घराला ७५ ते १५० पैसे, आणि आरसीसी घराला १२० ते २०० पैसे.

एक घर डोळ्यांसमोर ठेवले की हे समजते. समजा, पन्नास चौरस मीटरचे, म्हणजे साडेपाचशे फुटांच्या आत-बाहेरचे आरसीसी घर आहे. जमिनीचा दर मीटरला ५०० रुपये धरला तर जमिनीचे मूल्य २५,००० रुपये. बांधकामाचा दर मीटरला १५,००० रुपये आणि घसारा धरून उरलेले मूल्य नव्वद टक्के, असे मानले तर बांधकामाचे ६,७५,००० रुपये. बेरीज ७ लाख. किमान दराने वर्षाची घरपट्टी ८४० रुपये, कमाल दराने १,४००. त्याच आकाराच्या मातीच्या घराचे मूल्य जुनेपणामुळे सव्वादोन लाखांवर आले असेल तर किमान दराने पट्टी साडेसदुसष्ट रुपये. यातले जमिनीचे आणि बांधकामाचे दर समजण्यापुरते धरलेले आहेत. पण त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, खेड्यात जमिनीचा वाटा थोडा आणि बांधकामाचा मोठा, त्यामुळे मूल्याची पद्धत आली तरी पट्टी शेवटी भिंतीच्या मालावरच ठरते. आणि दुसरी, मातीचे घर पाडून स्लॅब टाकला की पट्टी एकदम कित्येक पटींनी वाढते. २०१५ नंतर सरकारी घरकुल योजनांतून मोठ्या संख्येने पक्की घरे झाली, तेव्हा हा फरक बऱ्याच घरांना पहिल्यांदा बिलाच्या रूपाने दिसला.

या मुख्य आकड्यात बाकीच्या रकमा मिसळतात. दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी एकाच मागणी बिलात येतात, आणि लोक या सगळ्यालाच ‘घरपट्टी’ म्हणतात. नळाचे पाणी आठवड्यातून दोनदा येत असेल तर पाणीपट्टीचा राग घरपट्टीवर निघतो. कायद्याच्या भाषेत दोन निराळे कर आहेत, गावच्या भाषेत एकच. वसुली तुंबते ती अनेकदा इथेच.

सवलतींची यादी काळाप्रमाणे बदलली. पेशवाईत सूट जातीवर आणि हुद्द्यावर होती. आज देवळे, शाळा, धर्मादाय वास्तू यांसारख्या सार्वजनिक जागांना ती असते, आणि २०२० पासून माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना राहत्या घराची पट्टी माफ करणारी योजना आली. ज्या गावांच्या हद्दीत कारखाने आले तिथे कलम १२५ प्रमाणे कारखान्याकडून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याची वाट आहे. साखर कारखान्याच्या किंवा औद्योगिक वसाहतीच्या गावाला घराघरातून शंभर-दोनशे रुपये गोळा करण्याची गरज वाटत नाही, आणि शेजारच्या गावाला ती वाटून उपयोग नसतो.

थकबाकीवर कायद्याकडे दात आहेत. कलम १२९ प्रमाणे आधी बिल, मग मागणीचा हुकूम, आणि तरीही पैसे न आल्यास जंगम मालाची जप्ती व विक्री. पण शेजाऱ्याच्या घरातून भांडी उचलून आणायला कोणता सरपंच धजेल? जप्तीची भीती असते ती दवंडीपुरती. परिणामकारक ठरले ते दुसरेच कलम. कलम १४ प्रमाणे बिल रीतसर मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र होतो. म्हणजे पट्टीचे दोनशे रुपये राहिले म्हणून सरपंचपद जाऊ शकते. हे हत्यार विरोधकांना चांगलेच ठाऊक आहे, आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या अशा अर्जांत सगळा वाद बिल खरोखर हातात दिले होते की नाही, सही कोणाची, तारीख कोणती, यावरच रंगतो. निवडणूक जाहीर झाली की पंचायतीच्या खिडकीशी वर्षानुवर्षांची थकबाकी भरायला रांग लागते, ती याच कलमाच्या धाकाने. उमेदवारी अर्जाला थकबाकी नसल्याचा दाखला लागतो, आणि उमेदवार आपली, बापाची, कधी भावाचीही पट्टी एका दिवसात भरून मोकळा होतो. पंचायतीचा शिपाई वर्षभर चकरा मारून जे जमवू शकत नाही ते एका जाहीरनाम्याने जमते.

राजी करून वसूल करण्याचेही प्रयोग झाले. छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचे औरंगाबाद) पाटोदा ग्रामपंचायतीचा सर्वांत गाजला. तिथे सरपंच भास्करराव पेरे पाटील यांच्या काळात पूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबाला पंचायतीच्या गिरणीत वर्षभर दळण मोफत, अशी सोय सुरू झाली. दळणाला किती पैसे जातात हे घरातल्या बाईला पक्के माहीत असते, आणि घरपट्टी भरली की तेवढे वाचतात हेही. पट्टीचा हिशेब पुरुषाच्या बैठकीतून उठून पिठाच्या डब्याशी आला, आणि तिथे तो पटकन पटला. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात थेट पंचायतींना दिलेल्या अनुदानातला एक लहान हिस्सा स्वतःचे उत्पन्न वाढवणाऱ्यांसाठी राखून ठेवला होता. तोही वसुलीला लावलेला धक्काच. मात्र मोठ्या अनुदानाची खात्री असताना किरकोळ पट्टीसाठी वाईटपणा घ्यायचा कशाला, ही उलटी ओढही त्याच अनुदानाने निर्माण केली.

एवढ्याशा रकमेचा हा कर गावकऱ्याला हवासा वाटतो तो एका वेगळ्याच कारणाने. कर आकारणीची नोंदवही म्हणजे पंचायतीचा नमुना ८, मागणीची नोंदवही नमुना ९, आणि पावती नमुना १०. यांतला आठ नंबर गावचा अनधिकृत सातबारा झाला. तलाठ्याकडच्या खातेउताऱ्यालाही ‘आठ-अ’च म्हणतात, त्यामुळे कोणता आठ, शेताचा की घराचा, हा गोंधळ बँकेच्या खिडकीवर रोजचा आहे. घराच्या आठ नंबरात अनुक्रमांक, गल्ली, मालमत्ता क्रमांक, मालकाचे नाव, त्याच्या शेजारी भोगवटादाराचे नाव, घराचे वर्णन, क्षेत्रफळ, मग कराचे आकडे आणि शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. हा रकाना वाचला की घराचा इतिहास कळतो. वाटणीपत्राने भावाचे नाव, मयत म्हणून कमी केलेले नाव, बक्षीसपत्राचा दस्त क्रमांक, बँकेचा बोजा, सारे तिथे.

न्यायालये वारंवार सांगत आली आहेत की कराची नोंद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, ती फक्त कर कोणाकडून घ्यायचा ते सांगते. पंचायत विनापरवाना घरालाही पट्टी बसवते, आणि त्यामुळे ते घर अधिकृत होत नाही. कायद्याचे हे म्हणणे बरोबरच आहे. पण गावठाणातल्या घराचा दुसरा कागदच नसेल तर माणसाने दाखवायचे काय? म्हणून वीजजोडणीला, रेशनकार्डाला, घरकुलाला, कर्जाला हाच उतारा लागतो. अतिक्रमणातल्या झोपडीवाल्यालाही आपल्या घरावर पट्टी बसावी असे वाटते, याचे कारण हेच. पट्टी भरल्याची वीस वर्षांची पावत्यांची चवड पत्र्याच्या पेटीत जपून ठेवणारे लोक घरोघरी सापडतात. त्यांच्या लेखी भरलेली रक्कम गेली नसते, पुराव्यात जमा झालेली असते.

या नोंदवहीचा एक समंजस वापर २००३ मध्ये झाला. ‘घर दोघांचे’ या मोहिमेत ग्रामविकास विभागाने आठ नंबरात नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लावायला सांगितले. त्याआधी शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेने शेताच्या उताऱ्यावर बायकांची नावे चढवली होती. घराच्या बाबतीत खर्च नव्हता, मुद्रांक नव्हता, फक्त एका रकान्यात एक नाव जास्त. तरीही अनेक गावांत ते लिहून घ्यायला ग्रामसभेत बायकांना उभे राहावे लागले.

मोजणी न झालेल्या पांढरीचा प्रश्न मात्र तसाच होता. जमीन महसूल कायद्याखाली दोन हजारांहून जास्त वस्तीच्या गावांची गावठाणे मोजून मिळकतपत्रिका देण्याचे काम झाले, लहान गावे राहून गेली. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात भूमी अभिलेख विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग केला. त्याच धर्तीवर २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना देशभरासाठी जाहीर झाली. ड्रोन उडण्याआधी गावात एक दिवस फक्कीचा असतो. ग्रामसेवक, भूमापक आणि घरमालक गल्लीतून फिरतात, आणि घराघराची हद्द जमिनीवर चुन्याच्या फक्कीने आखतात, म्हणजे वरून काढलेल्या चित्रात ती उठून दिसावी. शेजाऱ्यांचे जुने वाद याच दिवशी वर येतात, आणि काही मिटतातही. त्या चित्रावरून नकाशा होतो, चौकशी होते, आणि मालकाला सनद आणि मिळकतपत्रिका मिळते. अशा गावात घराच्या मालकीचा कागद आता भूमी अभिलेख कार्यालयातून निघतो. पंचायतीचा आठ नंबर मात्र राहतो, कारण पट्टी अजून त्यावरूनच बसते. फरक एवढाच की त्यातल्या क्षेत्रफळाच्या रकान्यात टेपचा आकडा आणि नकाशाचा आकडा जुळत नसेल तर पुढच्या चार वर्षांच्या आकारणीत कोणता धरायचा, यावर ग्रामसभेत नवा वाद सुरू होतो.